रानात जाताना सोबत काय न्यावे?



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळेत हिवाळी शिबिराचे वारे वाहू लागतात. पावागड, जांबुघोडा, रतनमहाल ही नावे वर्गावर्गातून ऐकू येतात. सूचनाफलकावर सामानाची यादी लागते आणि त्या यादीसमोर उभे राहून तुमची चर्चा सुरू होते. "बिबट्या आला तर?" "आपण चाकू ठेवू." "त्यापेक्षा फटाके बरे." "माझा दादा कॅनडात आहे, तिथे अस्वलासाठी स्प्रे मिळतो, तोच मागवू." पालकही काळजीने विचारतात की मुलांच्या हातात काय द्यावे.

प्रश्न रास्त आहे. गोत्रीतून सकाळी निघाले की दोन-अडीच तासांत आपण अशा रानात पोहोचतो, जिथे अस्वल आणि बिबट्या खरोखरच राहतात. म्हणून यंदा शिबिरापूर्वी हा पाठ देण्याचे आम्ही ठरवले. त्याचे सार सुरुवातीलाच सांगतो : सगळ्या प्राण्यांवर चालेल असे एकही साधन नाही. एका प्राण्यापासून जे वाचवते, तेच दुसऱ्यापुढे जिवावर बेतू शकते. म्हणून आधी प्राणी ओळखायचा आणि मग साधन निवडायचे.

आपल्या आसपासची राने

बडोद्याच्या ईशान्येला साधारण ५० किलोमीटरवर पावागड आहे. चांपानेर-पावागड हे २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, हे तुम्हांला इतिहासात आले आहे. आपली विश्वामित्री नदी याच डोंगरातून निघते. पावागडाच्या पलीकडे जांबुघोडा अभयारण्य पसरले आहे. १९९० साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे १३० चौरस किलोमीटरचे असून त्यात बिबटे आणि अस्वले आहेत. आणखी पूर्वेला, मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागून, दाहोद जिल्ह्यात रतनमहाल अभयारण्य आहे. ते १९८२ साली मुख्यतः अस्वलांसाठी घोषित झाले. दक्षिणेला नर्मदा जिल्ह्यात शूलपाणेश्वर अभयारण्य आहे, तिथेही हे दोन्ही प्राणी आहेत.

या रानांत गावे आहेत. राठवा, नायक, भिल्ल अशा आदिवासी समाजांचे लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. वाट दाखवणारा माणूस बहुधा त्यांच्यातलाच असतो आणि तो प्राण्यांची नावे गुजरातीत घेतो. तेव्हा ही नावे पाठ असू द्या : अस्वल म्हणजे रींछ, बिबट्या म्हणजे दीपडो, मण्यार म्हणजे काळोतरो, घोणस म्हणजे खडचितळो. वाटाड्याने "रींछ" म्हटल्यावर "म्हणजे काय हो?" असे विचारत बसण्याइतका वेळ नेहमीच मिळतो असे नाही.

अस्वल : आवाज हेच कवच

आपल्याकडचे अस्वल काळेभोर, लांब केसांचे, छातीवर पांढरट पट्टा असलेले आणि लांब नख्यांचे असते. वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे, उंबरे आणि मोहाची फुले हे त्याचे खाणे. माणूस हे त्याचे भक्ष्य नाही. तरीही माणसाला गंभीर जखमी करणाऱ्या प्राण्यांत त्याचे नाव वरचे आहे. असे का?

कारण त्याच्या स्वभावात आहे. ज्या रानात वाघ आणि बिबटे होते, त्या रानात हे अस्वल हजारो वर्षे जगत आले. झाडावर चढून सुटका होईल असे नाही, कारण बिबट्याही झाडावर चढतो. पळून जाण्यात तर मोठाच धोका. म्हणून दचकले की अंगावर धावून जायचे, ही त्याची स्वसंरक्षणाची रीत झाली. त्याचे नाक तीक्ष्ण आहे, पण दृष्टी आणि कान तितके तयार नाहीत. वारूळ उकरण्यात ते इतके गुंगून जाते की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग दोघेही एकदम दचकतात आणि अस्वल तोंडावर, डोक्यावर हल्ला करते. पाठीवर पिल्ले असलेली मादी तर अधिकच सावध असते.

यावरून साधन कोणते ते तुम्हीच ओळखू शकाल. अस्वलाला दचकू द्यायचे नाही. म्हणजेच आपण येत आहोत हे त्याला आधी कळले पाहिजे. गटाने चालावे, मोठ्याने बोलत चालावे, वळणावर आणि दाट झुडपाशी टाळ्या वाजवाव्यात, काठी दगडावर आपटावी. अस्वलांचा अभ्यास करणाऱ्यांनी गुजरातमध्ये "घंटी काठी" वापरून पाहिली आहे. चालताना आपोआप वाजत राहील अशी घंटी काठीला बांधायची, एवढी साधी ही युक्ती. बैलाच्या गळ्यातली घंटा तुम्ही ऐकली आहे, तोच विचार येथे माणसाच्या उपयोगी पडतो.

गुहा, कपारी आणि दाट जाळी यांत दिवसा डोकावू नये. अस्वल तिथे विसावलेले असू शकते. ताजे उकरलेले वारूळ दिसले तर तिथे फोटो काढत न थांबता वाटाड्याला सांगावे. अस्वल लांबवर दिसले आणि त्याने आपल्याला पाहिलेले नसेल, तर गडबड न करता आल्या वाटेने मागे फिरावे. पळू नये, ते माणसापेक्षा वेगाने धावते. झाडावर चढू नये, ते आपल्यापेक्षा चांगले चढते. आणि खरोखरच अंगावर आले, तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान आणि डोके झाकावे, कोपरांनी तोंड वाचवावे, पाठीवरची सॅक काढू नये. अशा वेळी सॅकच ढालीचे काम करते.

बिबट्या : पाठ दाखवू नये

बिबट्या माणसाला टाळतो. तो आपल्याला दहा वेळा पाहतो तेव्हा आपण त्याला एकदा पाहतो, असे जंगलात काम करणारे सांगतात. महाराष्ट्रात जुन्नर भागात उसाच्या शेतात बिबटे वाढतात, मुंबईला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती लाखो माणसे आणि बिबटे शेजारी शेजारी राहतात. जुन्नरच्या बिबट्यांचा अभ्यास विद्या अत्रेय यांनी केला. पकडून दुसरीकडे सोडलेले बिबटे नव्या जागी जाऊन त्रास वाढवू शकतात, हे त्यांच्या अभ्यासाने दाखवून दिले. म्हणजे बिबट्याच्या बाबतीतही माणसाने आपले वागणे बदलणे हाच टिकाऊ उपाय ठरला.

बिबट्याचा धोका मुख्यतः संध्याकाळनंतर आणि मुख्यतः लहान मुलांना असतो. खाली वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्याला लहान प्राण्यासारखा दिसतो. म्हणून रात्री शौचाला एकट्याने जाऊ नये. मोठी व्यक्ती आणि टॉर्च बरोबर हवी. शिबिरात उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नये. त्याने कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. लाडका कुत्रा बरोबर आणण्याची परवानगी आम्ही का देत नाही, त्याचे हेच कारण.

समोरासमोर गाठ पडलीच तर पळू नये, खाली बसू नये, पाठ फिरवू नये. लहान मूल जवळ असेल तर त्याला न वाकता, नजर बिबट्यावर ठेवून उचलून घ्यावे. हात वर करून, चादर किंवा जाकीट पसरून आपण मोठे दिसू असे करावे, मोठ्याने ओरडावे आणि हळूहळू मागे सरकावे. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. त्याने झडप घातलीच तर मात्र अस्वलासारखे पडून राहू नये. काठी, दगड, सॅक, जे हाती असेल त्याने सर्व शक्तीनिशी प्रतिकार करावा. दोन प्राण्यांतला हा फरक नीट लक्षात घ्या.

साप : सर्वांत मोठा धोका पायाशी

चर्चा नेहमी बिबट्याची होते. पण भारतात सर्वाधिक बळी घेणारा वन्यजीव साप आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०३० पर्यंतची मुदत ठेवली आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. नाग फणा काढून इशारा देतो. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा जोरदार फुत्कार टाकते. फुरसे लहानसे, खडकाळ जागी राहणारे; ते अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते. मण्यार मात्र रात्री हिंडते, आवाज करत नाही, आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते आणि पहाटे त्याच्या पापण्या जड होऊ लागतात, पोटात दुखते, श्वास लागतो.

यावरची साधने साधी आहेत आणि बाजारात सहज मिळतात. घोट्याच्या वर येणारे बूट आणि जाड कापडाची पूर्ण विजार, कारण बहुतेक दंश पायालाच होतात. अंधार पडल्यावर प्रत्येकाच्या हातात टॉर्च, कारण पाय पडणे हेच दंशाचे मुख्य निमित्त. गवतातून चालताना पुढची जागा तपासण्यासाठी काठी. दगड, लाकूड, गोवऱ्यांचा ढीग यांत हात घालू नये. सकाळी बूट घालण्यापूर्वी उपडे करून झटकावेत. आणि रात्री खाटेवर झोपावे. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचाव्यात. वीस रुपयांचे फटाके जे करू शकत नाहीत, ते ही मच्छरदाणी करते.

दंश झालाच तर काय? जखम कापू नये, विष चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये, बर्फ लावू नये, सापाच्या मागे लागू नये. अंगठी, कडे, घड्याळ काढून घ्यावे, कारण सूज येते. दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला लावतात तशी फळी लावून स्थिर ठेवावा. माणसाला चालवू नये, धीर द्यावा आणि थेट रुग्णालयात न्यावे. १०८ ला फोन करावा. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

"सर, मग सापाच्या विषावरचे औषधच बरोबर का नेऊ नये?" हा प्रश्न हमखास येतो. ते औषध म्हणजे प्रतिविष. घोड्यांना सापाचे विष अगदी थोड्या मात्रेत टोचून त्यांच्या रक्तातून ते तयार करतात. मुंबईची हाफकिन संस्था या कामासाठी प्रसिद्ध आहे. प्रतिविष शिरेतून द्यावे लागते, आणि ते देताना रोग्याला तीव्र ॲलर्जी होऊ शकते. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते, सॅकमध्ये ठेवायचे नसते. आपण सॅकमध्ये ठेवायची ती वस्तू वेगळीच आहे : शिबिराच्या जागेपासून जवळचे, प्रतिविष असलेले रुग्णालय कोणते, त्याचा फोन आणि तिथे पोहोचायला लागणारा वेळ लिहिलेला कागद. निघण्यापूर्वी फोन करून प्रतिविष उपलब्ध आहे की नाही हे विचारून घ्यावे. फोनची रेंज नसेल अशा जागी गाडी आणि चालक रात्रभर हजर हवेत.

विंचवाचेही तसेच. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी पुष्कळ मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खेड्यातल्या रुग्णालयात काम करता करता या दंशाचा हृदयावर होणारा परिणाम बारकाईने टिपला आणि प्राझोसिन हे औषध त्यावर उपयोगी पडते हे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलाला विंचू चावला आणि घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

आग्या मोहोळ : येथे मात्र पळावे

सह्याद्रीतल्या गडांवर जाणाऱ्यांना हे नाव ठाऊक असते. उंच कड्यांना, मोठ्या झाडांना आणि जुन्या इमारतींच्या कमानींना लागलेली ही मोठी पोळी. या माश्या चिडल्या की झुंडीने येतात. एका माशीने डंख मारला की तिथून असा वास सुटतो की त्या वासावर बाकीच्या माश्या त्याच जागी येतात.

त्यांना चिडवणाऱ्या गोष्टी कोणत्या? धूर, दगड, आरडाओरडा, उग्र अत्तर. म्हणजे अस्वलासाठी जो आवाज आपण मुद्दाम करत होतो, तो पोळ्याखाली बंद करायला हवा. पोळे दिसले की सगळ्यांनी गप्प राहून, खालच्या वाटेने लांबून जावे. शेकोटी पोळ्याच्या खाली किंवा वाऱ्याच्या दिशेने कधीही पेटवू नये.

माश्या उठल्या तर डोके आणि तोंड ओढणीने, चादरीने झाकून दूर पळावे आणि गाडीत किंवा खोलीत शिरून दारे लावावीत. हात झटकू नयेत. पाण्यात उडी मारू नये, कारण माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि पाण्यात दुसरे संकट असू शकते. कड्याच्या जवळ असाल तर आंधळेपणाने पळू नका, आधी पायाखाली बघा. सुरक्षित जागी आल्यावर काटे लवकरात लवकर खरवडून काढावेत. पुष्कळ डंख झाले असतील, किंवा एकाच डंखाने ओठ-घसा सुजू लागला, दम लागला, तर लगेच रुग्णालय.

मगर : अंतर, आणि फक्त अंतर

मगरींची ओळख आपल्याला करून द्यायला नको. त्या बडोद्याच्या मधोमध विश्वामित्रीत राहतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या रस्त्यांवर आणि सोसायट्यांत आल्या होत्या, आणि वनखात्याने व स्वयंसेवकांनी त्यांना पकडून पुन्हा पाण्यात सोडले. आजव्याच्या तलावात आणि नर्मदेतही मगरी आहेत.

मगरीसाठी काठी नाही, टॉर्च नाही, स्प्रे नाही. ती पाण्याखाली दिसत नाही आणि काठावर क्षणात झेपावते. म्हणून एकच उपाय : पाण्याच्या कडेला जायचेच नाही. भांडी घासणे, हातपाय धुणे, मासे बघायला वाकणे, सेल्फी काढणे हे नदी-तलावाच्या काठी करू नये. पाणी बादलीने हवे असेल तर ते वाटाड्याने सांगितलेल्या जागेवरूनच, मोठ्या माणसांनी आणावे. उन्हाळ्याच्या सुमारास मादी काठच्या वाळूत घातलेली अंडी राखत असते, तेव्हा तर अधिकच दूर राहावे.

आता तुलना करू

वर सांगितलेले एकत्र मांडले तर गंमत दिसते. पळणे अस्वलापुढे आणि बिबट्यापुढे चूक, पण आग्या मोहोळापुढे बरोबर. आवाज अस्वलाला दूर ठेवतो, पण मोहोळाला उठवतो. अस्वल अंगावर आले तर पालथे पडावे, बिबट्या अंगावर आला तर झुंजावे. शेकोटीची ऊब हवीशी वाटते, पण तिचा धूर पोळ्यापर्यंत जातो. काठी अस्वलाला इशारा देते आणि गवतात वाट दाखवते, पण मगरीपुढे ती निरुपयोगी. "रानात काय न्यावे?" या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर का नाही, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

शस्त्रे, फटाके आणि कायदा

चाकू भाजी चिरायला उपयोगी. अस्वलाच्या नख्यांपुढे तो काही कामाचा नाही, आणि मुलांच्या हातात तो एकमेकांनाच लागण्याची शक्यता जास्त.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्याच्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. कलम ३२ नुसार वन्यजीवांना इजा होईल अशी रसायने, स्फोटके वा तत्सम पदार्थ तिथे वापरता येत नाहीत. फटाक्यांची हौस येथेच संपते. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवण्यावरही कलम ३० ची बंदी आहे.

"मग जीव वाचवायचाच नाही का?" वाचवायचा. कलम ११ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने एखादा प्राणी मारला गेला वा जखमी झाला, तर तो गुन्हा नाही. पण पुढची अट वाचा : त्या वेळी ती व्यक्ती याच कायद्याचे उल्लंघन करत असेल, तर ही सूट मिळत नाही. म्हणजे परवानगीशिवाय बंदूक घेऊन आत शिरलेल्या माणसाला या कलमाचा आसरा नाही. परवाना घेऊन, ठरलेल्या वाटेने, वाटाड्यासह जाणारा माणूस कायद्यानेही अधिक सुरक्षित असतो.

परदेशातला स्प्रे

आपल्या गोत्रीतल्या अनेक घरांतले दादा-ताई अमेरिका-कॅनडात आहेत. तिथे रानात हिंडणारे लोक कमरेला अस्वलाचा स्प्रे लावतात. त्यात तिखट मिरचीतला दाहक पदार्थ असतो आणि साधारण आठ-दहा मीटरवर त्याचा ढग तयार होतो. अलास्कात १९८५ ते २००६ या काळात घडलेल्या ८३ प्रसंगांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तपकिरी अस्वलांवर स्प्रे वापरला गेला तेव्हा १०० पैकी ९२ वेळा त्यांचे नकोसे वागणे थांबले, असे त्यात आढळले. त्याच अभ्यासकांनी नंतर बंदुकीच्या २६९ प्रसंगांचा अभ्यास केला. बंदूक झाडली काय आणि न झाडली काय, माणसाला इजा होण्यात विशेष फरक पडला नाही! घाईत, जवळून धावत येणाऱ्या प्राण्यावर नेम धरणे अनुभवी माणसालाही अवघड जाते.

मग हा स्प्रे मागवायचा का? तो विमानात नेऊच देत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना सामानात. आपल्याकडे मिळणारा मिरचीचा छोटा स्प्रे वेगळा असतो; तो थोड्याच अंतरापर्यंत जातो आणि वाऱ्याने उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. शिवाय वर सांगितलेले कलम ३२ आहेच. तेव्हा तुमच्या घरचे कोणी परदेशात रानात जाणार असेल, तर त्यांना हे सांगा : तिथल्या उद्यानाचा नियम आधी पाहा, काही ठिकाणी स्प्रेलाही बंदी आहे. बंदी नसेल तर तिथेच विकत घ्या, सॅकच्या तळाशी न ठेवता कमरेला लावा, आणि डास पळवण्याच्या औषधासारखा तो अंगावर किंवा तंबूवर मारू नका. तिथेही पहिला नियम आपलाच आहे : गटाने चला, आवाज करत चला, खाणे उघडे ठेवू नका.

ज्यांचे घरच रानात आहे

आपण रानात दोन दिवस जातो. तिथल्या लोकांना रोज जावे लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात, आणि ती वेचण्यासाठी बायका-मुले उजाडण्यापूर्वी झाडाखाली जातात. त्याच वेळी अस्वलही तीच फुले खायला येते. एकाच झाडाखाली, एकाच अंधारात दोघांची गाठ पडते. जखमी होतात ते बहुधा हे लोक. शिबिराला आलेली मुले नव्हेत. फुलांवर घरातला मीठ-मिरचीचा खर्च चालत असल्याने "जाऊ नका" एवढे म्हणून भागत नाही. टॉर्च, घंटी काठी, चार-पाच जणांनी मिळून जाणे आणि थोडे उजाडू देणे हेच त्यांच्याही उपयोगाचे आहे.

म्हणून वाटाड्याचे ऐका. तो "थांबा" म्हणाला की थांबा, कारण विचारायला नंतर वेळ आहे. कोणत्या पाणवठ्यावर सकाळी जायचे नाही, कोणत्या कपारीत अस्वल आहे, हे कोणत्याही पुस्तकात छापलेले नसते. आपल्या सगळ्या साधनांत जिवंत आणि सर्वांत भरवशाचे साधन तोच आहे. परत निघताना आपण नेलेल्या जादा टॉर्च आणि मच्छरदाण्या त्या गावात देता आल्या, तर त्याहून चांगली गुरुदक्षिणा नाही.

सॅकमध्ये काय हवे

१. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, जाड मोजे, पूर्ण विजार.
२. टॉर्च आणि जादा सेल. मोबाइलचा दिवा हा टॉर्च नव्हे. रात्रीत बॅटरी संपली तर फोनही गेला.
३. खांद्याएवढी मजबूत काठी. गटात एका काठीला घंटी.
४. शिट्टी. चुकामूक झाली तर जागीच थांबून तीनदा वाजवावी.
५. मच्छरदाणी.
६. मोठी चादर किंवा ओढणी.
७. पट्ट्या, साबण, आणि ज्यांना ॲलर्जी आहे त्यांची डॉक्टरांनी दिलेली औषधे.
८. रुग्णालय, वनखात्याचे कार्यालय आणि शिक्षक यांचे फोन लिहिलेला कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

घरी ठेवायच्या वस्तू : चाकू, फटाके, गलोल, अत्तर, आणि "मी एकटाच पुढे जाऊन बघतो" ही हौस.

स्वाध्याय

१. पळणे केव्हा योग्य आणि केव्हा अयोग्य, ते कारणांसह लिहा.
२. तुमच्या घरापासून जवळच्या, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयाचे नाव, फोन आणि तिथे पोहोचायला लागणारा वेळ आई-बाबांसह शोधून वहीत लिहा.
३. कलम ११ मधली सूट आणि तिची अट तुमच्या शब्दांत सांगा.
४. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या गावी साप, विंचू, बिबट्या यांच्यापासून कसे जपत असत? त्यांतले कोणते उपाय आजही योग्य आहेत आणि कोणते सोडून द्यायला हवेत?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालकांच्या सहीसह शिबिरापूर्वी वर्गशिक्षकांकडे द्यावे. ही सही आल्याशिवाय कोणाचेही नाव शिबिराच्या यादीत घेतले जाणार नाही, याची पालकांनी कृपया नोंद घ्यावी.